जीभ उचलून खाली बघा: तान्ह्या बाळाच्या दातामुळे होणारी जखम

माझ्या नातीला जन्मतःच एक दात होता. खालच्या हिरडीला, अगदी मधोमध, तांदळाच्या कणीएवढा, जरासा पिवळट. मी ३१ वर्षं स्टाफ नर्स म्हणून काम केलं, त्यातली बरीचशी सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात. दात घेऊन आलेली चार बाळं मी त्याआधी पाहिली होती. म्हणून लेकीला म्हटलं, घाबरायचं काही कारण नाही. ते खरंही होतं. पण त्यानंतर जिथे बघायला हवं होतं तिथे मी बघितलं नाही, आणि बाळ दोन-तीन दिवस अर्धपोटी राहिलं. तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी त्या दाताबद्दल. साधारण दोन-तीन हजार बाळांमागे एखादं बाळ असा दात घेऊन येतं. काहींना तो पहिल्या ३० दिवसांत वर येतो. बहुतेक वेळा तो खालच्या मधल्या दोन दातांपैकीच असतो, आणि तो जादाचा नसतो. सहा-सात महिन्यांनी यायचा तो दुधाचाच दात, फक्त हिरडीत वरवर बसलेला असल्यामुळे लवकर बाहेर पडलेला. कधी कधी घराण्यातही असतं. आमच्या व्याह्यांना विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्या धाकट्या बहिणीलाही होता.

बाराव्या दिवशी बारशाला बायका जमल्या. पाळण्यात घालताना बाळ रडलं, तोंड उघडलं आणि दात सगळ्यांना दिसला. "अगंबाई, दात घेऊन आली! मामाला जड हो ही पोर." मामा, म्हणजे माझा मुलगा, घुगऱ्यांचं ताट घेऊन तिथेच उभा होता. त्याने मनाला लावून घेतलं नाही, पण माझी लेक खचली. पुढचे काही दिवस ती बाळाचं तोंड कुणाला दाखवेना, मलासुद्धा. एका वाक्याने असं नुकसान होतं. दात कुणाच्या वाईटावर नसतो. झाकून ठेवलं की मात्र जखम वेळेवर दिसत नाही. दोन दिवसांनी मुलानेच बहिणीला वाचून दाखवलं की फ्रान्सचा चौदावा लुई १६३८ साली दात घेऊनच जन्मला आणि त्याने पुढे ७२ वर्षं राज्य केलं. बारशानंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

सोळाव्या दिवसापासून बाळाचं पिणं बिघडलं. भूक लागायची, छातीला धरायची, दोन घोट घ्यायची आणि सोडून किंचाळायची. परत तोंडात घ्यायची, परत किंचाळायची. मी बॅटरी मारून तोंड पाहिलं. जिभेवर पांढरट थर होता. वाटलं, तोंड आलंय, बुरशी असेल. जवळच्या एका दवाखान्यातही तसंच सांगून बुरशीचे थेंब दिले. जीभ त्यांनीही उचलली नाही आणि मीही उचलली नव्हती. अठराव्या दिवशी जिभेखालून लाळेत लालसर धागा दिसला, तेव्हा मी जीभ वर केली आणि चट्टा दिसला.

ही जखम अशी होते. बाळ दूध ओढतं तेव्हा जीभ पुढे येऊन खालच्या हिरडीवर पसरते आणि मागेपुढे सरकत राहते. एरवी हिरडी मऊ असते, काही होत नाही. तिथे दात असला, आणि अशा दाताची कड बहुधा धारदार असते, की प्रत्येक ओढीला जिभेची खालची बाजू त्या कडेवर घासते. दिवसाला आठ-दहा वेळा पिणं आणि दर वेळी शेकडो ओढी. त्या जागेला विश्रांतीच नाही. इटलीतल्या अन्तोनिओ रिगा या डॉक्टरांनी १८८१ मध्ये हा व्रण नोंदवला आणि १८९० मध्ये फ्रान्चेस्को फेडे यांनी त्याचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला, म्हणून दंतवैद्य त्याला रिगा-फेडे म्हणतात. कागदावर हा शब्द दिसला तर घाबरू नका. हा संसर्ग नाही की गाठीचा आजार नाही. घासून झालेली जखम आहे, आणि घासणं थांबलं की ती भरते. म्हणून औषध जखमेला शोधण्याआधी दाताची कड बोथट करायची असते. पुढचं सगळं ह्यावरच आहे.

बघायचं कसं

दोन माणसं लागतात. समोरासमोर दोन खुर्च्या घ्या आणि गुडघ्याला गुडघा लावून बसा. मांड्यांवर चौघडी दुपटं टाका. बाळाचे पाय आईच्या कमरेकडे आणि डोकं बघणारीच्या मांडीवर. आई बाळाचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून पोटाशी ठेवते, आणि बाळाला आईचा चेहरा दिसत राहतो, त्यामुळे ते कमी रडतं. दंतवैद्याकडेही असंच बसवतात. पाजल्या पाजल्या हे करू नका, ओकारी येते. तासाभराने करा. नखं कापलेली हवीत, हात साबणाने धुतलेले हवेत. अंगठी काढून ठेवा.

बाळाचं डोकं खिडकीच्या उजेडाकडे करा. मोबाइलचा दिवा समोरून मारला की बाळ डोळे मिटून तोंडही मिटतं, म्हणून तो बाजूने, गालाकडून धरा. उकळून गार केलेल्या पाण्यात निर्जंतुक गॉजचा तुकडा भिजवून पिळा आणि तर्जनीला गुंडाळा. बोट ओठांच्या कोपऱ्यातून आत न्या, जिभेच्या कडेखाली घाला आणि हळूच वर उचला. ओढायचं नाही, नुसतं उचलायचं. पाच सेकंद पुरतात. एक फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना दाखवायला आणि पुढच्या आठवड्यात ताडून बघायला उपयोगी पडतो.

आमच्या बाळाला जिभेच्या टोकापासून जरा मागे, जिभेखाली जी बारीक दोरी असते तिच्या दोन्ही बाजूंना मिळून, हरभऱ्याच्या डाळीएवढा चट्टा होता. वर पिवळट-पांढरी साय, कडेला लालबुंद. मी जीभ सोडली तेव्हा तो चट्टा बरोबर त्या दातावर येऊन टेकला, कुलपात किल्ली बसावी तसा. ओळखण्याची खूण हीच. जखम आणि दात एकमेकांसमोर असले पाहिजेत. जुनी जखम असेल तर कडा उचललेल्या आणि जराशा टणक लागतात, क्वचित तिथे छोटी गाठच होते. घरचे लोक तिला बघून फार घाबरतात, पण दाताची सोय लागली की बहुधा तीही बसते.

बुरशी वेगळी दिसते. तिचे दह्याच्या कवडीसारखे ठिपके गालांच्या आत, टाळ्याला, जिभेच्या वर असतात, गॉजने सहज निघत नाहीत आणि निघाले तर खाली लाल दिसतं. नुसती दुधाची साय असेल तर ती पुसली जाते आणि खाली जीभ गुलाबीच असते. आणखी एक गोंधळ होतो. पुष्कळ बाळांच्या हिरडीवर किंवा टाळ्याला मोत्यासारखे पांढरे दाणे असतात. लोक त्यांना दात समजतात. ते गुळगुळीत, गोल असतात, त्यांना धार नसते, ते जिभेला काही करत नाहीत आणि थोड्या आठवड्यांत आपोआप जातात. स्वच्छ बोट फिरवलं की दाताची कड लगेच कळते.

काय लावायचं नाही

आमच्या शेजारच्या काकू खूप मायेने टाकणखाराची पुडी घेऊन आल्या होत्या. मधात कालवून जिभेला लावायचा, त्यांच्या चारही मुलांना लावला होता. मी त्यांचे आभार मानले आणि पुडी परत दिली. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो तान्ह्या बाळाच्या पोटात गेला तर विष आहे, झटके येऊ शकतात. मधही वर्षाच्या आत एक थेंब नाही. त्यात काही वेळा असे जिवाणू असतात जे मोठ्या माणसाला काही करत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. तुरटी नको. जांभळं औषध (जेन्शन व्हायोलेट) नको, त्याने कोवळी त्वचा आणखी सोलवटते आणि जखम झाकली जाते, मग डॉक्टरांना काही दिसत नाही. बधिर करणारी जेल नको. बेंझोकेनच्या जेलने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटू शकते, आणि लिग्नोकेनची जेल पोटात जास्त गेली तर झटके येऊ शकतात. मोठ्यांच्या तोंडाच्या फोडांवरची जेल घरात असतेच, तिच्यात सॅलिसिलेट असतं, तीही बाळासाठी नाही. बाळगुटी उगाळून देत असाल तर ती थांबवाच.

दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल मनाने देऊ नका. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच, कारण ताप दबून राहतो आणि नवजात बाळाचा ताप ही गंभीर गोष्ट असते. डॉक्टरांनी दिलं तर बाटली नीट वाचा. थेंबांच्या बाटलीत सहसा एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं आणि साध्या सिरपात पाच मिलीत १२० किंवा १२५. सिरपाचं माप लक्षात ठेवून थेंबांचं औषध दिलं तर चौपट जातं. ही चूक मी कामावर असताना एकदा नाही, अनेकदा पाहिली आहे.

आणि दात घरी ओढायचा नाही. न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईने नखाने दात उपटलेलं एक बाळ आमच्याकडे रात्री आणलं होतं, चार दिवसांचं, घरीच जन्मलेलं. दुपट्याचा कोपरा रक्ताने भिजला होता, तरी रक्त थांबत नव्हतं. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात व्हिटॅमिन के फार थोडं असतं. ते तयार करणारे जिवाणू आतड्यात वस्ती करायला काही दिवस लागतात, आईच्या दुधातही ते कमीच असतं. त्याशिवाय रक्त नीट गोठत नाही. म्हणून जन्मल्याबरोबर मांडीत व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देतात, पूर्ण दिवसांच्या बाळाला १ मिलिग्रॅम. त्या बाळाला ते मिळालं नव्हतं. ते वाचलं, पण ती रात्र मी विसरलेले नाही.

दूध चालू ठेवणं

जखमेपेक्षा मला जास्त काळजी होती ती वजनाची. जन्मतः २ किलो ९०० ग्रॅम. चौदाव्या दिवशी ती जन्माच्या वजनावर परत येऊन ५० ग्रॅमने पुढे गेली होती. अठराव्या दिवशी आशाताई तिचा झोळीचा काटा घेऊन आली, तर काटा २ किलो ९१०वर. जिथे रोज २०-३० ग्रॅम वाढायला हवेत तिथे ४० कमी. नवजात बाळाकडे आशाताईच्या घरभेटी ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या असतात. त्यांना दारातून परत पाठवू नका, वजन करून घ्या, आणि दर वेळी त्याच काट्यावर.

दुखतंय म्हणून बाळ पीत नसेल तर दूध हाताने काढून वाटी-चमच्याने द्या. तीन आठवड्यांच्या आतल्या आमच्या बाळाचा हिशेब मी असा केला होता: किलोला दिवसाकाठी १५० मिली, म्हणजे साधारण ४३५ मिली, आठ वेळांत वाटलं की दर तीन तासांनी ५५च्या आसपास. बाळाला मांडीवर बऱ्यापैकी उभं धरा, मानेला आधार द्या. छोट्या वाटीची कड खालच्या ओठावर टेकवा आणि दूध ओठाला लागेल इतकीच तिरकी करा. बाळ जीभ बाहेर काढून स्वतः चाटून घेतं. घशात ओतू नका. चमचा वापरला तर गालाच्या आतल्या बाजूला सोडा. बोंडलं आमच्याकडे घराण्यातलं, चांदीचं होतं, पण त्याची चोच नेमकी जिभेवर टेकते म्हणून ते मी कपाटात ठेवलं. बाटलीच्या निपलनेही जीभ तशीच घासते. काढलेलं दूध झाकून खोलीत चार तासांच्या आत वापरा, उन्हाळ्यात त्याहून लवकर. फ्रिजमध्ये ठेवलं तर दिवसभर.

छातीला पाजणं मात्र बंद करू नका. दिवसातून दोन-तीन वेळा, बाळ अर्धवट झोपेत असताना धरा. तोंड मोठं उघडून काळ्या भागासकट घेतलं तर आईला दात लागत नाही, कारण दात आणि छाती यांच्यामध्ये जीभ येते. नुसतं स्तनाचं बोंड तोंडात असेल तर आईलाही जखम होते आणि मग दोघीही रडतात. माझ्या लेकीचं तसंच चाललं होतं. धरणं सुधारल्यावर तिचा त्रास दोन दिवसांत गेला. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत. ते मोजा, कागदावर रेघा मारा.

दंतवैद्याकडे

शक्यतो लहान मुलांचे दंतवैद्य गाठा. गावात नसतील तर दंत महाविद्यालयात बालदंत विभाग असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर आहे, गोव्यात बांबोळीला आहे. जाताना जन्माचा कागद घ्या आणि व्हिटॅमिन के दिल्याची नोंद आधी शोधून त्यावर खूण करा. तारखा, वजनं, फोटो, काय काय लावून झालं तेही खरं खरं लिहून न्या. टाकणखार लावला असेल तर तो लपवू नका.

आमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा दात दोन बोटांत धरून हलवून पाहिला. तो घट्ट होता. एक छोटा एक्स-रे काढला, तोच मूळ दुधाचा दात आहे की जादाचा ते कळायला. मग बारीक दगडाने कड घासून गोल केली. बाळाला मामाने मांडीवर धरलं होतं, ज्याला ती जड होणार होती त्यानेच. सगळं मिळून तीन-चार मिनिटं. वर दातांच्या रंगाच्या सिमेंटचा गुळगुळीत थेंब बसवला. अशा दाताचं आवरण पातळ असतं आणि तोंड सतत ओलं, त्यामुळे तो थेंब आठवड्याने निघाला. त्यांनी तसं आधीच सांगितलं होतं. परत जाऊन बसवून आणला. पहिल्या भेटीनंतर तिसऱ्या दिवशी ती न किंचाळता प्यायली. बाराव्या दिवशी चट्ट्याच्या जागी फक्त गुलाबी डाग होता.

दात सहज हलत असेल, तो निसटून श्वासनलिकेत जाण्याची भीती असेल, किंवा घासूनही जखम भरत नसेल तर काढावा लागतो. त्यात संकोच करू नका. बाळ दहा दिवसांचं झालेलं असलं आणि व्हिटॅमिन के मिळालेलं असलं तर बरं, नाहीतर आधी इंजेक्शन देतात. तो खरा दुधाचा दात असेल तर तिथे सहा-सात वर्षांपर्यंत फट राहील, पक्का दात येईतोवर. मी म्हणेन, घट्ट दात ठेवता येत असेल तर ठेवा, पण दातापायी बाळाचं वजन घालवू नका.

पिणं जवळजवळ थांबलं, आठ तास लंगोट कोरडा, टाळू खोल गेली, बाळ मलूल पडलं, अंग १००.४ फॅरनहाइटच्या वर किंवा गार लागतंय, तोंडातून रक्त थांबत नाही, किंवा दात अचानक दिसेनासा झाला आणि बाळ खोकतंय, तर दंतवैद्याची वेळ बघत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या. दाताचा बंदोबस्त होऊन दोन आठवडे झाले तरी जखम तशीच असेल तर पुन्हा दाखवा, तपासणी वेगळी लागते.

हीच जखम उशिराही होते. सहा ते आठ महिन्यांत खालचे दोन दात आले की काही बाळं जीभ त्यांच्यावर घासत बसतात. जीभ खाली जखडलेली असेल तर जास्त. उपाय तोच. मात्र एक लक्षात ठेवा. जिभेला एवढी जखम आहे, ओठ किंवा बोटंही चावलेली आहेत आणि बाळ रडतच नाही, असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना मुद्दाम सांगा. वेदना न जाणवण्याचे किंवा मेंदू-मज्जातंतूंचे काही आजार असतात, त्यांची पहिली खूण कधी कधी हीच असते.

आता नात चौदा महिन्यांची आहे. सातव्या महिन्यात त्या दाताच्या शेजारचा आला तेव्हा जिभेखाली परत एक लालसर रेघ उमटली, पण ह्या वेळी ती दुसऱ्याच दिवशी सापडली, कारण लेक रोज सकाळी अंघोळीआधी ओल्या गॉजने दोन्ही दात पुसते आणि पुसता पुसता जीभ उचलून खाली बघते.